आबांना वाईट करायचं ठरलं

थोडा वेळ तुम्ही आठ वर्षांचे व्हा. जे आठ वर्षांचेच आहेत त्यांनी नुसतं बसून राहावं. आता पायातली चप्पल काढून ठेवा. वैशाख नुकताच लागला आहे, उद्या अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया आहे, आणि अंगणातून विहिरीपर्यंत जायचं तर पाऊल टेकवायच्या आत उचलावं लागतं. गाव साक्रीपासून दोन कोसांवर. नदी आहे, पण तिच्या वाळूत गाढवं लोळतात. साल सत्याऐंशी. आणि तुमचं नाव दगडी.

हसू नका. ते नाव विचार करून ठेवलेलं होतं. दगडीच्या आधी घरात दोन लेकरं झाली. एक सहा महिन्यांचं होऊन गेलं, दुसरं उंबऱ्यापर्यंत रांगायला लागलं आणि गेलं. दोघांची नावं मोठी सुंदर होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा तिचे आजोबा, हिलाल आबा, म्हणाले, “हिचं नाव दगडी ठेवा. दगडले कोन उचली नेस?” आणि खरंच, दगडीला कुणी उचलून नेलं नाही. ती जगली, चालली, झाडावर चढली, पडली, पुन्हा चढली.

त्यामुळं दगडीच्या मनात एक गोष्ट फार लहानपणीच पक्की झाली होती. साक्रीच्या बाजारात बायका वांगी निवडतात, कीड नसलेलं, चकचकीत, देठ हिरवं असलेलं, तसा देव माणसं निवडतो. किडकं वांगं टोपलीत राहतं.

मग माय गेली. मायचं नाव लता.

आदल्या साली पाऊस असा झालाच नाही. बाजरी वीतभर होऊन वाळली. फक्त भादव्यात एकदा वर डोंगरात कुठंतरी ढग फुटला आणि नदीला पूर आला. सालभरातला तेवढा एकच पूर. मायचा ताप त्याच दिवशी वाढला. साक्रीच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून बैलगाडीत घालून नेली. दगडी घरी तान्ह्या भावाला, छगनला, मांडीवर घेऊन बसली होती. गाडी सकाळपासून काठावर उभी राहिली. दिवस मावळताना पाणी उतरलं, पण तेव्हा न्यायचं कारण उरलं नव्हतं. त्या दिवसाची गोष्ट पुढं घरात कुणी काढत नसे. बाप, अभिमन, मुळातच कमी बोलायचा. आता तो पहाटे उठून विहिरीचं पाणी ओढायचा आणि मग रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचा. संध्याकाळी यायचा तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या.

माय गेली त्या रात्री दगडी रडता रडता गुदमरली, तेव्हा आबांनी तिला धोतराच्या सोग्यात गुंडाळलं आणि म्हणाले, “तुनी माय भलती चांगली व्हती. देवले चांगला मानसं आवडतस. म्हनीसन नेली.”

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई काकूही तेच म्हणाली. दहाव्याला आलेले पाहुणेही तेच म्हणाले. दगडी ऐकत राहिली.

माघात गावातला पुना गेला. बैलगाडीच्या मागं लोंबकळणाऱ्या पोरांना न ओरडणारा गावात तो एकटाच होता. पोटात दुखलं आणि दोन दिवसांत संपला. मागं झुंबरबाई आणि दोन लेकरं. तोताराम मात्र पंचाहत्तरीतही ठणठणीत होता. तो सकाळी दात घासायच्या आधी शिव्या द्यायचा. त्याच्याकडे एकच बैल होता, त्यालाही शेपटीजवळ काठी हाणायचा. देवानं तोतारामकडे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

आता सांगा, दगडीनं दुसरं काय समजावं?

* * *

चैत्रात गावातल्या विहिरी एकेक करून बसल्या. आबांच्या विहिरीत मात्र तळाला, खडकाच्या खळग्यात, रात्रभरात पाणी साचायचं. ते बादलीनं उचलता येत नव्हतं, म्हणून पाणी ओढायचं इंजिन गोणपाट पांघरून पडून होतं. पहाटे आबा कमरेला दोर बांधून, खडकातल्या खोबण्यांत पाय रोवत, खाली उतरायचे. खळग्याशी उकिडवे बसून पितळी वाटीनं बादली भरायचे. वर अभिमन ओढायचा. वाटी खडकावर घासली की तिचा आवाज वर काठापर्यंत यायचा. त्या आवाजावरून दगडी ओळखायची, की पाणी किती उरलं.

काठावर अर्धी आळी घागरी घेऊन उभी. आबांचा नियम होता, घरटी दोन घागरी, आणि आपलं घर सगळ्यांत शेवटी. कधी कधी शेवटच्या घराला एकच घागर मिळायची.

बायका घागर डोक्यावर चढवता चढवता म्हणायच्या, “हिलाल आबा म्हंजे देवमानूस शे.”

हे ऐकलं की दगडी पटकन वर बघायची. एवढ्या मोठ्यानं! वर आभाळात ऐकू जाईल असं!

आणि मग आबांना खोकला लागला. तळातल्या गारव्यात बसायचं आणि वर उन्हाच्या भट्टीत यायचं. छाती भरली. खोकताना ते काठावर बसून दोन्ही हातांनी गुडघे धरायचे, मानेच्या शिरा दोरासारख्या व्हायच्या. पुष्पाबाई काकू म्हणाली, “असा चांगला मानूस, जपाले पाहिजे व माय.”

त्याच दिवशी दगडीनं ठरवलं. आबांना वाईट करायचं. फार नाही, देवानं टोपलीत परत टाकावं इतपतच.

पहिला प्रयत्न तिनं थेट आबांवरच केला. ते खाटेला सुंभ भरत होते.

“आबा, एक शिवी द्या ना.”

“कोनले?”

“कोनलेबी. त्या कोंबडीले द्या.”

आबा हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. डोळ्यांतलं पाणी पुसून कोंबडीला म्हणाले, “काय बाई, जेवनं का तुम्ही?”

दुसऱ्या दिवशी ती तोतारामकडे गेली. “तात्या, आबा तुमले शिव्या देतस. घरमा. रोज.”

तोतारामानं चिलीम तोंडातून काढली. “हिलाल? अरे, तो गायले बी अहो-जाहो करस! पळ आठेन, खोटारडी!”

मग तिनं डब्यातला गुळाचा खडा खाल्ला आणि बापाला सांगितलं, की आबांनी चोरून खाल्ला. अभिमन म्हणाला, “बरं झायं. खोकलाले चांगला ऱ्हास.” आणि उरलेला गूळही आबांच्या उशाशी ठेवला.

माणसाला चांगलं करणं अवघड असतं म्हणतात. वाईट करून बघा एकदा.

* * *

अखाजीच्या आदल्या दिवशी विहिरीवर वेगळा नियम असायचा. आपल्याकडे अखाजीला घरोघर नवी लाल घागर पाण्यानं भरून ठेवतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, गेलेल्या माणसाला तहान लागू नये म्हणून. ज्या घरात सालभरात कुणी गेलं असेल त्या घराची घागर पहिली. या साली अशी दोन घरं होती, आबांचं आणि झुंबरबाईचं.

आबांनी दोन घागरींपुरतं स्वच्छ पाणी आधी काढलं. एक घागर घरी गेली. दुसऱ्या घागरीचं पाणी पितळी हंड्यात निंबाच्या सावलीत ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं. वर आले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

“दगडे, मी जरा पडस. झुंबर येई तिनी नवी घागर लईसन. तिले हाई पानी ओती दे. सांडू नको, बरं का पोरी.”

दगडी हंड्याजवळ बसली. मुंगळे फडक्यावरून फिरत होते. दुपारी झुंबरबाई आली. सकाळपासून खडी वाहिलेली, केसांत धूळ, पण लुगडं बदललेलं. कमरेवर कोरी घागर, कुंभाराकडची राख अजून तिच्या काठाला.

“आबा कथा शेतस, बेटा?” तिनं इकडंतिकडं बघत विचारलं.

दगडीनं फडक्यावरचा मुंगळा झटकला. घरातून खोकल्याचा आवाज आला, लांबलचक, मधे अडकणारा. आणि तिनं सांगून टाकलं.

“आबानी सांगं, झुंबरबाईले पानी नही.”

झुंबरबाईला आधी कळलंच नाही. ती हंड्याकडे बघत राहिली. “हाई कोनं शे मंग?”

“आमनं.”

“आबानी सांगं? आबानी?”

“हां. म्हने, तिले काही नका देवू.”

भांडण होईल, झुंबरबाई ओरडेल, चार माणसं गोळा होतील असं दगडीला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. झुंबरबाईनं पदराच्या टोकानं घागरीच्या काठाची राख पुसली, कोरडीच परत कमरेवर घेतली आणि नदीच्या वाटेला लागली. वाळूत हातभर झिरे खणून गढूळ पाणी काढत, तिकडे. कोऱ्या घागरीवर तिच्या बांगड्या वाजत होत्या. रिकामी घागर किती लांबून ऐकू येते, हे दगडीला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

आबा काठी टेकत पारावर गेले, दगडी त्यांच्यासोबत होती. ते येताच माणसं गप्प झाली. पुष्पाबाई काकू समोरून घागर घेऊन येत होती, तिनं पदर ओढून मान वळवली. आबांना काही कळेना. ते बसले. कुणी सरकून जागा केली नाही.

तोताराम एकटा बोलला. तो कधीच कुणाच्या पाठीमागं बोलत नसे.

“काय रे हिलाल, मरेल मानूसना पानीवर बी राखन बसाडं का? पुनानी बायको झिरा खांदी ऱ्हायनी तथा. आयुष्य गयं तुनं, आनि आते असा सडना का?”

झालं! तोताराम आबांना वाईट म्हणाला, सगळ्यांदेखत, मोठ्यानं, वरपर्यंत ऐकू जाईल असं. दगडीला आनंद व्हायला हवा होता. पण आबांनी काठी जवळ ओढली. तिच्याकडे एकदा बघितलं, उठले, घराकडे चालू लागले. रस्ताभर त्यांना खोकलासुद्धा आला नाही.

* * *

निंबाखाली हंडा तसाच होता. आबांनी फडकं उचलून बघितलं, परत ठेवलं, आणि जवळच्या दगडावर बसले.

“आथी ये.”

ती गेली. मार बसेल म्हणून डोळे मिटून उभी राहिली.

“मी सांगं व्हतं का तसं?”

तिनं मान हलवली.

“मंग?”

एवढंच विचारलं, पण दगडीच्या आत आठ महिने साठलेलं सगळं एकदम वर आलं. “आबा, तुम्ही वाईट व्हई गयात ना आते? बठ्ठा गाव म्हनी ऱ्हायना. आते देव तुमले लई जावाव नही. तुम्ही चांगला ऱ्हायनात ते लई जाई, मायले नेलं तसं!”

“कोनी सांगं तुले असं?”

“तुम्हीच सांगं.”

आबांच्या तोंडावरचं काहीतरी हळूहळू खाली उतरलं, विहिरीत दोर उतरतो तसं. मग त्यांनी तिला ओढून दोन गुडघ्यांच्या मधे उभी केली.

“मी खोटं बोलनू, माय.”

आबा खोटं बोलले. दगडीला हे कुणी सांगितलं असतं तर तिनं मानलं नसतं.

“तू रडी रडी काळीनिळी व्हई गयी व्हती. माले काही सुचेना. तुनी माय चांगली व्हती, हाई खरं. देवनी नेली, हाई बी खरं. पन चांगली व्हती म्हनीसन नेली, हाई मनं पदरनं. मी जोडी दिन्हं.”

“मंग काब्र नेली?”

“माले ठाव नही.”

“तुमले बी?”

“माले बी.”

दगडीनं विचार केला. “सालमा एकच पूर उना. तो त्याच दिन काब्र उना?”

आबांनी डोळे मिटले. “तेच मी बी इचारी ऱ्हायनू, पोरी. रोज खाले बसस, वाटीवाटीनं पानी भरस, आनि इचारस. तव्हय इतलं दिन्हं, आते इतलंसं?” मग म्हणाले, “तोताराम वाईट शे, असं म्हनस ना तू?”

“शेच. बैलले मारस.”

“त्याले बैल कितला?”

“एक.”

“दुसरा कथा गया?”

ते तिला माहीत नव्हतं. गावातली पोरं त्या एका बैलावरून तोतारामला चिडवायची एवढंच तिला ठाऊक.

तेव्हा आबांनी तिला तो दिवस सांगितला, पहिल्यांदा. गाडी तोतारामची होती. सगळे काठावर थांबले, पण दुपारी लताचे श्वास मोजता येईनात, तेव्हा तोतारामानं तिला काठावर निजवली. रिकामी गाडी आधी पाण्यात घालून बघतो, पार झाली तर हिला नेऊ, म्हणाला. देवाला, नदीला, बैलांना, सगळ्यांना शिव्या देत छातीभर पाण्यात शिरला. उजवीकडचा बैल जू मोडून ओढला गेला. तोतारामला दोर टाकून बाहेर काढावं लागलं. पुढं त्यानं त्या बैलाचं नावही काढलं नाही कुणाजवळ.

दगडीच्या मनातल्या टोपलीतली वांगी सगळी एकमेकांत मिसळली होती. चांगली कुठली, किडकी कुठली, काहीच समजेना.

“मंग देव चांगला शे का वाईट शे, आबा?”

बाळांनो, हा प्रश्न मोठमोठ्या माणसांनी मोठमोठ्या पोथ्यांतून विचारला आहे. आबांना पोथी वाचता येत नव्हती. त्यांनी घराच्या दाराकडे बोट केलं. आत कोनाड्यात वीतभर उंचीचा पितळी खंडेराव होता, घोड्यावर बसलेला.

“तुनी आजी भिकुबाई गयी ना, तव्हय मी त्याले फिराई दिन्हं. भीतकडे तोंड. तुनं तोंड देखनं नही, सांगं. वरीसभर मी त्यानी पाठशी भांडनू. मनले येई ते बोलनू.”

“मंग? काय कयं त्यानी?”

“काहीच नही. पानी उना. बठ्ठास्ना वावरमा पडना, मना वावरमा बी पडना. मनं वावर सोडीसन नही पडना.” आबांनी कोनाड्याकडे बघितलं. “मी त्याले इतला बोलनू, पन तो आथाच. पाठ फिरेल, पन आथाच. मंग एक दिन मीच फिरावं त्याले. तोंडवर धूळ बसेल व्हती. माले वाईट वाटनं.”

“म्हंजे चांगला शे.”

“मी म्हनस चांगला शे. समजतं म्हनीसन नही म्हनत. त्यानासंगे राहीसन म्हनस. तू तुनं देख. तुले राग येवो, तू भांड त्यानाशी. पन त्याना राग झुंबरना घागरवर काढू नको, माय. ती बी तथीच बसेल शे, जथी तू बसेल शे.”

* * *

अखाजीची सकाळ. कोरड्या बारवेच्या वाटेला निंबाच्या फांदीवर दोर टाकून पोरी झोके घेत होत्या, गौराईची गाणी चालली होती. दगडीला हाका आल्या. ती गेली नाही. हंड्यातल्या पाण्याची कळशी डोक्यावर, मानेला रग, मागं काठी टेकत आबा. आबांनी दोनदा हात पुढं केला, दोनदा तिनं मान हलवली. पाणी डुचमळलं.

झुंबरबाईच्या ओट्यावर सारवण ओलं होतं. पाटावर कोरी घागर, आत झिऱ्याचं पाणी लुगड्यातून गाळून भरलेलं, तरी तांबूस. वर एवढंसं डांगर. दोन्ही लेकरं शेजारी गप्प.

आबांना बघून झुंबरबाईनं पदर सावरला, पण “या” म्हणाली नाही.

दगडीनं कळशी खाली ठेवली. “आबानी नव्हतं सांगं. मी खोटं बोलनू. हाई पानी तुमनंच शे.”

“काब्र वं? मी काय कयं तुनं?”

मग दगडीनं सांगितलं. देव, वांगी, खोकला, तोताराम, सगळं, उलटसुलट, नाक पुसत. झुंबरबाई ऐकत राहिली. मधेच तिला हसू फुटलं, आणि हसतानाच डोळे वाहायला लागले. तिनं दगडीला कवेत घेतलं. तिच्या तळहातांना खडीनं भेगा पडल्या होत्या, त्या दगडीच्या गालाला लागल्या.

“मंग माले बी थोडं वाईट करी टाक ना, माय,” ती म्हणाली. “माले दोन लेकरं शेतस.”

आबांनी तोंड वळवलं आणि खोकल्याचं निमित्त केलं.

तांबूस पाणी शेळीला गेलं. कोऱ्या घागरीत दगडीनं स्वतः पाणी ओतलं, एक थेंब न सांडता. झुंबरबाईनं वर डांगर ठेवलं आणि हात जोडून नुसती बसली. “प्या आते,” म्हणाली, समोर माणूस बसलेला असावा तसं.

परतताना तोताराम बैलाला पाणी दाखवत होता. आबांना बघून त्यानं खाली मान घातली. बातमी त्याच्याआधी कधी कुणाला कळायची? “हिलाल, मना तोंडले हाड नही, तुले माहीतच शे,” तो पुटपुटला, आणि उगाच बैलाला एक शिवी दिली. दगडी थांबली. तिनं बैलाच्या रिकाम्या बाजूला, जिथं दुसरा असायला हवा, तिथं बघितलं. मग तोतारामला वाकून नमस्कार केला. तोताराम इतका गोंधळला, की शिवी अर्धीच राहिली.

घरी मायची घागर पूजली गेली. अभिमननं शेणीच्या निखाऱ्यावर तूप सोडलं, पुरणाचा घास टाकला, आगारीचा, पितरांच्या त्या नैवेद्याचा, धूर वर चढला. छगन धुराला हात मारत होता. अभिमन कितीतरी वेळ वाकलेलाच राहिला. जेवणं झाली. आबा खाटेवर कलंडले, छाती अजून घरघरतच होती. ते बरे होतील का, हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा दगडी उठली. पाट ओढून कोनाड्याखाली ठेवला, त्याच्यावर चढली. पितळी खंडेराव दोन्ही हातांनी उचलला, घोड्यासकट फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. अभिमन अर्धा उठला. आबांनी हातानंच त्याला खाली बसवलं.

दगडी पाटावर उभीच होती. देवाच्या पाठीकडे बघत तिनं ओठ हलवले. काय बोलली ते कुणाला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होती. मग खाली उतरली, बाहेर जायला निघाली, आणि दारात थांबली. बाहेर ऊन रणरणत होतं.

ती परत आली. आबा विहिरीत नेत असत ती पितळी वाटी घेतली, माठातलं पाणी भरलं, पाटावर चढली आणि भिंत आणि देव यांच्या मधल्या बोटभर जागेत वाटी मावेना, म्हणून घोडा जरासा मागं सरकवला. वाटी आत ठेवली. घोड्याचं तोंड पाण्याच्या अगदी वर येईल अशी.